मक्याच्या सालांची कुलदेवी

गेल्या नवरात्रात मी एका बाहुलीची देवी केली. हेतू वाईट नव्हता. माझा हेतू कधीच वाईट नसतो, असं माझी बायको वंदना स्वतःच लोकांना सांगते. फक्त ते सांगताना ती कपाळाला हात लावते.

वंदना त्याच्या दोन वर्षं आधी एका कार्यशाळेला गेली आणि तिथे सालांच्या बाहुल्या करायला शिकून आली. भुट्ट्याची वाळलेली सालं भिजवायची, दुमडायची, केळीच्या सोपटानं बांधायची. डोक्यात शेवरीचा कापूस भरायचा. केस म्हणजे कणसाच्या टोकाला असतात ते पिंगट झुबके. पावसाळा संपत आला, भुट्टे जून व्हायला लागले, की आमच्या कसब्यातल्या तिसऱ्या मजल्यावर हंगाम सुरू होतो. गॅलरीत सालं वाळत असतात, बादलीत सालं भिजत असतात, आणि मी या दोन्हींच्या मध्ये "जरा बाजूला व्हा" हे ऐकत उभा असतो. (त्या दिवसांत पंखा लावायला बंदी असते. का, ते मी पंखा लावून पाहिल्यावर कळलं. एक साल अजून ट्यूबलाइटवर आहे.)

दर वर्षी नवरात्रात, ललिता पंचमीला, आमच्याकडे एका सभागृहात अशा नैसर्गिक वस्तूंच्या कलाकुसरीचं प्रदर्शन भरतं. पहिल्या वर्षी वंदनाचा अर्ज परत आला. दुसऱ्या वर्षी प्रतीक्षा यादीत नाव लागलं आणि तिथेच राहिलं. तिसऱ्या वर्षी मोबाइलवर निरोप आला : निवड झाली आहे, टेबल क्रमांक चौदा. तिनं तो निरोप तीनदा वाचला. मग मला मोठ्यानं वाचायला लावला. मग "असू दे" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि आमटीत दोनदा मीठ घातलं. चाळीस वर्षं घरच्यांसाठी रांधण्यात गेलेल्या बाईला कुणीतरी स्वतःच्या नावाचं टेबल दिलं होतं. मी आमटी मुकाट्यानं संपवली.

त्या टेबलासाठी तिनं जी बाहुली केली, तिला तीन आठवडे लागले. हातभर उंच, नऊवारी नेसलेली, कमरेवर टोपली. निऱ्या सोळा, मोजून. गळ्यात गुंजांची माळ. चेहरा म्हणजे नुसतं गुळगुळीत साल. डोळे नाहीत, तोंड नाही, नाकही नाही, पण नथ आहे! तो चेहरा तिनं चार वेळा सोडून पुन्हा बांधला. मला कलेतलं काही कळत नाही. पण ती बाहुली तयार झाल्यावर मी एकदा तिच्यासमोर पाय पसरून पेपर वाचत होतो आणि नकळत पाय जवळ घेतले.

घटस्थापनेच्या दिवशी वंदना पहाटेच मार्केट यार्डात फुलं आणायला निघाली. मंडईतला झेंडू तिला पसंत नसतो. चपला घालता घालता तिनं हॉलमधल्या चौरंगाकडे बोट दाखवलं. बाहुली त्यावर उभी होती, कारण आमच्या घरात सपाट असूनही कुणी बसत नाही अशी तेवढी एकच जागा आहे.

"चौरंगावरचं काही हलवायचं नाही. मानेची खळ ओली आहे. मी येऊन उचलेन. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"हलवायचं नाही."

मी पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. वरून आलेला आदेश का आला, हे विचारायची मला सवय नाही. आला तसा पाळायचा, एवढंच.

गुरुजी दहाला येणार होते, ते सव्वासातला आले. आमचे नेहमीचे गुरुजी गुडघ्यांमुळे जिने चढत नाहीत, आणि आमची लिफ्ट तिला वाटेल त्या मजल्यावर थांबते. म्हणून या वर्षी त्यांनी पुतण्याला पाठवलं होतं. तिशीचा गृहस्थ, डोक्यावर हेल्मेट, आमच्या घरी पहिल्यांदाच आलेला.

"दहा म्हणाला होतात," मी म्हटलं.

"नवरात्रात दहा म्हणजे दहाच्या आत. पुढे नऊ घरं आहेत. सोवळं नेसा."

मी सोवळं नेसून येईपर्यंत त्यांनी पत्रावळ मांडली होती, तीत माती पसरली होती, गहू पेरले होते, वर कलश ठेवला होता. सगळं चौरंगावर, बाहुलीच्या पुढ्यात. मग त्यांचं लक्ष बाहुलीकडे गेलं.

"ही?"

"ती तिथेच राहू दे. हलवायची नाही."

"असं का? तुमचा कुळाचार दिसतो."

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. 'नाही हो, बायकोची बाहुली आहे,' इतकं सोपं वाक्य. पण सोवळं नेसून पाटावर बसलेल्या बासष्ट वर्षांच्या माणसाला, तेही कसब्यात, त्याच्यापेक्षा निम्म्या वयाच्या गुरुजींनी कुळाचार विचारावा आणि त्यानं 'मला नक्की माहीत नाही' म्हणावं? पुण्यात माणूस एक वेळ पत्ता चुकीचा सांगेल, पण ठाऊक नाही असं म्हणणार नाही.

"काही घरांत तेरड्याची गौर असते," गुरुजी माझ्या मदतीला धावून आले, "काही घरांत खड्यांची. तुमच्याकडे मक्याची."

"हो."

"पूर्वापार?"

"पूर्वापार."

(मका आमच्या घराण्यात पूर्वापार भाजून, लिंबू-मीठ चोळून खाल्ला जातो. दुसरा कुठलाही कुळाचार मला आठवत नाही.)

पुढचं सगळं रीतसर झालं. संकल्प झाला. बाहुलीला मी माझ्या हातानं कुंकू लावलं, तेही सढळ. अक्षता वाहिल्या, त्या तिच्या केसांत अडकल्या. नंदादीप लागला. हेल्मेट चढवता चढवता गुरुजी म्हणाले, "आता दसऱ्याला उत्थापन. तोवर घट, दिवा, देवी, काही जागचं हलवायचं नाही."

"ते मला पहाटेच सांगितलंय," मी म्हटलं.

वंदना नऊला आली. हातात झेंडूची पिशवी, शेवंतीची पिशवी. दारातच थांबली. मला वाटलं, तिला बरं वाटेल, काम उरकलंय.

"हे काय?"

"देव बसले."

"कोण कोण बसले?"

 तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि चौरंगापाशी गेली. बाहुलीच्या त्या नितळ कपाळावर, जे तिनं चार वेळा बांधलं होतं, माझ्या अंगठ्याएवढा कुंकवाचा टिळा होता. तिनं दोन्ही हात पुढे केले. मग दिव्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

"उचल की," मी म्हटलं.

"कशी उचलू? मी देवाला फार भिते असं नाही. पण बसलेल्याला उठवायचं नसतं, हे आईनं शिकवलंय. पाहुणा असो का देव."

तिनं गुरुजींना फोन लावला. पलीकडून हॉर्न ऐकू येत होते. गुरुजी दोन घरांच्या मध्ये कुठेतरी सिग्नलला उभे होते. "वहिनी, संकल्प झालाय," ते म्हणाले. "आणि यजमानच म्हणाले की तुमच्याकडे पूर्वापार आहे!"

वंदनानं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"पूर्वापार?"

"त्यांनी विचारलं."

"मग?"

"नाही म्हणायला सवड नव्हती. त्यांना पुढे नऊ घरं होती."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं शेवंती निवडायला घेतली. देठ खुडताना होणारा तो टिचटिच आवाज मी तासभर ऐकला. प्रदर्शन पाचव्या दिवशी होतं आणि देवी दहाव्या दिवशी उठणार होती. हे गणित सुटण्यासारखं नव्हतं, आणि ते मी घातलेलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "चहा हवा असेल तर करून घ्या."

माझी सगळी भिस्त आता ताईवर होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय बहात्तर, राहायला मागच्याच गल्लीत. आमच्या घराण्यातलं कुठलं लग्न कुठे मोडलं आणि कुठल्या सणाला किती पुरणपोळ्या, हे सगळं तिला पाठ. ती संध्याकाळी येईल, बाहुली बघेल, 'बाळू, गाढवा, हे आपल्यात नाही' म्हणून ओरडेल, आणि तिच्या शब्दाखातर देवी उठेल, असा माझा हिशेब होता. ताईचं ओरडणं खायला मी आयुष्यात पहिल्यांदाच आतुर होतो.

ताई आली. चष्मा पुसून चौरंगाकडे बघत राहिली.

"ही कोण?"

"गुरुजींनी बसवली," मी घाईनं म्हणालो. "मक्याची. ते म्हणाले, पूर्वापार असते काही घरांत. आपल्यात कुठे होती, नाही का ताई?"

 ताईच्या चेहऱ्यावर एक भाव येऊन गेला. तो मी लगेच ओळखला, कारण सकाळी तोच माझ्या चेहऱ्यावर होता.

"होती तर!" ताई म्हणाली. "पणजीच्या वेळी होती. मध्ये बंद पडली."

"ताई, नीट आठव."

"मला आठवायला नको. कणसाई म्हणायचे तिला."

कणसाई! पाच मिनिटांपूर्वी जी बाई या जगात नव्हती, तिला आता नाव होतं. वंदना भिंतीला टेकून खाली बसली. पण ताईची गाडी आता उताराला लागली होती. कणसाईला पिवळी माळ लागते. कणसाईच्या घरी नऊ दिवस मका खात नाहीत. कणसाईला नैवेद्याला दहीभात, वर लिंबाचं लोणचं. "लोणचं का?" असं मी विचारलं, तेव्हा "तू लहान होतास" असं उत्तर मिळालं. (पणजी गेली तेव्हा ताईसुद्धा जन्मली नव्हती.)

दुसऱ्या दिवशी दुपारपासून बायका यायला लागल्या. आधी ताईच्या भजनी मंडळाच्या, मग त्यांच्या सुना, मग सुनांच्या मैत्रिणी. जिन्यात चपलांचा खच पडला. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली की आतल्या बायका 'कणसाईची इच्छा' म्हणून उरलेला मजला चढायच्या. ताई चौरंगाशेजारी खुर्ची टाकून पणजीची आठवण सांगायची, आणि दर वेळी पणजी थोडी मोठी व्हायची. तिसऱ्या दिवशी पणजीच्या स्वप्नात देवी आली होती. त्याच संध्याकाळी ती बोललीही.

बाहुलीचे हाल मात्र बघवत नव्हते. कपाळाचं कुंकू नथीपर्यंत आलं होतं. निऱ्यांवर हळद सांडली होती. टोपलीत कुणी खडीसाखर ठेवली, तिला मुंग्या लागल्या. वंदना येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू देत होती, पाणी देत होती, आणि मध्येच बाहुलीकडे बघून नजर फिरवत होती.

मी समोरच्या कांबळेसाहेबांकडे गेलो. ते निवृत्त इंजिनिअर. आमच्या इमारतीत डोकं शांत असलेला तेवढा एकच माणूस.

"साहेब, काहीतरी मार्ग काढा."

"मी काय काढणार? आमच्या घरी देव नाहीत," ते म्हणाले. "पण शेजारी आहेत, म्हणून सांगतो. दुसरी करा."

"वंदनाला तीन आठवडे लागले. आपल्याकडे दीड दिवस आहे."

"तीन आठवड्यांचं काम दीड दिवसात होतं. मी आयुष्यभर बघितलंय. फक्त ते टिकत नाही."

एक दिवस टिकलं तरी पुरे होतं. मी पिशवी घेऊन नदीकाठच्या भुट्टेवाल्याकडे गेलो.

"भुट्टा नको. नुसती सालं द्या."

"गाय आहे का?"

"बायको आहे."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. पिशवी मात्र भरून दिली.

कांबळेसाहेबांच्या जेवणाच्या टेबलावर मी आयुष्यातली पहिली बाहुली केली. साहेब देखरेख करत होते. ते म्हणाले, पाया भक्कम हवा, म्हणून आम्ही खाली नारळाची करवंटी लावली. ते म्हणाले, उभी रेषा सरळ हवी, म्हणून त्यांनी दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा धरला. ओळंबा सरळ होता, बाहुली नव्हती. मान जमेना म्हणून मी ती सोपटानं गुंडाळत गेलो, ती लांबतच गेली. केसांना कणसाचे झुबके पुरले नाहीत, म्हणून काथ्या लावला. नुसता चेहरा भकास दिसतो म्हणून मी कोळशानं डोळे काढले, आणि मग ती बाहुली आमच्या दोघांकडे अशी बघायला लागली, की जणू तिला आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगितली आहे.

"कशी वाटते?" मी विचारलं.

साहेबांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली. "पाया चांगला झालाय," ते म्हणाले.

इकडे चौथ्या दिवशी वंदनानं स्वतःच हातपाय हलवले. तिनं प्रदर्शनाच्या प्रमुख प्रधान मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि विनंती केली, की परीक्षकांनी घरी येऊन बाहुली बघावी. प्रधान मॅडम भल्या. चार वाजता दोन परीक्षक बाईंना घेऊन त्या आल्या. तिघींच्या हातांत गुणांचे तक्ते, गळ्यात ओळखपत्रं. मला हायसं वाटलं. वंदनानं इस्त्रीची साडी नेसली होती.

पण दारात चपलांचा खच, आत उदबत्तीचा धूर, आणि चौरंगाशेजारी ताई! प्रधान मॅडमनी आधी चपला काढल्या. मग ताईनं कुंकू पुढे केलं, ते लावून घेतलं. मग समोरची बाई वाकली म्हणून त्याही वाकल्या. वाकल्या त्या वाकल्याच. उठल्या तेव्हा तिघींचे चेहरे बदलले होते.

"कलाकुसर," एका परीक्षक बाईंनी तक्ता उघडून हळूच वाचलं, "दहापैकी..."

"अहो, देवीला दहापैकी?" दुसरी दचकली.

"मग दहा देऊ."

"दहा दिले तरी ते पैकीच झाले ना!"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पेन पर्समध्ये गेलं. पर्समधून ब्लाउजपीस निघालं. (नवरात्रात पुण्यातल्या बाईच्या पर्समध्ये ब्लाउजपीस नसेल असं होत नाही.) परीक्षकांनी गुण दिले नाहीत. ओटी भरली आणि गेल्या.

दारातून प्रधान मॅडम वंदनाला म्हणाल्या, "तुमची अडचण समजते हो. पण उद्या टेबल रिकामं ठेवता यायचं नाही. दुसरं काही असेल तर आणा. नसेल तर प्रतीक्षा यादीतल्या बाईंना बोलावते."

सगळे गेल्यावर वंदना चौरंगासमोर खाली बसली. मी शेजारी बसलो. 

"तीन दिवसांत किती बायका आल्या असतील?" तिनं विचारलं.

"शंभर तरी."

"सगळ्यांनी नमस्कार केला. एकीनं तरी विचारलं का, कुणी केली म्हणून?"

मी आठवून पाहिलं. एकीनंही नव्हतं विचारलं. देवीला कुणी तसं विचारत नाही.  तिचं टेबल मी घालवलं होतं हे मला ठाऊक होतं. तिचं नावही त्याबरोबर घालवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी उठलो, समोर कांबळेसाहेबांकडे गेलो, आणि माझी बाहुली घेऊन आलो.

वंदनानं ती हातात घेतली. उलटी केली. सुलटी केली. करवंटीवर टकटक केलं.

"ही कुणी केली?"

"मी. हे बघ, तू पहिल्यांदाच विचारलंस, कुणी केली म्हणून."

"ते विचारावंच लागतं अशी झालीय," ती म्हणाली. आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसता डोळे पुसले आणि पुठ्ठा मागितला. "उद्या हीच नेणार. टेबल सोडायचं नाही."

ललिता पंचमीला टेबल क्रमांक चौदावर माझी बाहुली उभी राहिली, आणि तिच्यापुढे वंदनाच्या अक्षरात पाटी : 'ही बाहुली माझ्या यजमानांनी केली आहे. लोभ असावा. मी केलेली बाहुली घरी घटावर बसली आहे, कारण यजमानांनी तिला देवी समजून बसवले. पाहायची असल्यास चार ते सहा या वेळेत यावे. आधी नीट पाहावी, मग नमस्कार करावा.' खाली पत्ता आणि पूर्ण नाव.

मी घरी थांबलो होतो. चार वाजता ताई नेहमीच्या खुर्चीत बसून पणजीची कथा सांगत होती. पणजी आता बोटीतून प्रवास करत होती. तेवढ्यात प्रदर्शनातून आलेल्या सातआठ बायका आत शिरल्या. त्यांतल्या एका चष्मेवालीनं कथा मध्येच थांबवली.

"पण आजी, पाटीवर तर लिहिलंय की सौ. वंदनांनी केली?"

 ताईनं माझ्याकडे पाहिलं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, कणसाईनंही पाहिलं, डोळे नसताना.

"खरं आहे," मी म्हणालो.  "वंदनानं केली. तीन आठवडे लागले. भुट्ट्याची सालं आहेत. पूर्वापार वगैरे काही नाही. गुरुजींनी विचारलं आणि मला ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी ठोकून दिलं. पणजीचा यात काही संबंध नाही."

ताई सावकाश उठली. पदर सारखा केला. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मी मान खाली घातली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ताई म्हणाली. "तू कुठवर जातोस ते बघत होते."

आणि ती चपला घालून निघून गेली. बहात्तर वर्षांचा सराव असतो तो, एका दिवसात येत नाही.

मला वाटलं, आता बायका चिडतील. ओट्या परत मागतील. पण ती चष्मेवाली चौरंगापाशी गुडघ्यांवर बसली आणि नाक निऱ्यांजवळ नेलं. "अगं बाई! या निऱ्या हातानं घातल्यात? चिरल्या कशा नाहीत?" दुसरी म्हणाली, "आणि ही मान बघ. शिवण कुठेच दिसत नाही." तीन दिवस दुरूनच हात जोडणाऱ्या बायका आता एकमेकींना ढकलून वाकून बघायला लागल्या. सालं किती वेळ भिजवायची? सोपट कुठे मिळतं? गुंजांना भोक कसं पाडायचं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, आणि प्रत्येक प्रश्नाला मी "ठाऊक नाही, वंदना आली की विचारा" असं म्हणत होतो. सुरुवातीला जड गेलं. मग सवय झाली.

सभागृह बंद करून वंदना आली, तेव्हा तिला दारातून फक्त वाकलेल्या पाठी दिसल्या. ती तशीच उभी राहिली. मग चष्मेवालीनं वळून विचारलं, "तुम्हीच का वंदनाताई? तुम्हीच केली?"

"हो," वंदना म्हणाली. "मीच केली."

एवढं एक वाक्य बोलायला तिला दोन वर्षं लागली होती. मला रडू आलं, म्हणून मी दिव्यात तेल घालायला गेलो. दिव्यात तेल काठोकाठ होतं. ते सांडलं.

दसऱ्याला गुरुजींनी रीतसर उत्थापन केलं. घटाचे गहू हातभर वाढले होते. "देवीचं विसर्जन करायचं ना?" त्यांनी मला विचारलं. मी वंदनाकडे बोट दाखवलं. "केली मी," ती म्हणाली, "ठेवणार मी." कपाळाचं कुंकू निघालं नाही, ते तसंच आहे.

त्या चष्मेवालीसकट अकरा बायकांनी आग्रह धरला, म्हणून दिवाळीनंतर वंदनानं घरीच वर्ग सुरू केला. दर शनिवारी, तीन ते पाच. माझ्याकडे भिजलेल्या सालांची बादली आहे. ती घेऊन मी कोपऱ्यात बसतो आणि मागेल तिला साल देतो. माझ्या शेजारी स्टुलावर माझी बाहुली असते. वर्गाचा पहिला धडा तिच्यावरच होतो. नवीन विद्यार्थिनीनं तिच्याकडे नीट बघायचं आणि काय काय चुकलंय ते वहीत लिहून काढायचं. आत्तापर्यंत सगळ्या मिळून तेवीस चुकांपर्यंत पोचल्या होत्या. त्यापुढे काही सापडणार नाही, असं कांबळेसाहेबांचंही मत होतं.

गेल्या शनिवारी एक नवीन मुलगी आली. तिनं शांतपणे तेवीसच्या तेवीस चुका लिहिल्या, पेन्सिल ओठांना लावून पुन्हा एकदा कोपऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि वंदनाला विचारलं, "मॅडम, बादलीवाले काका पण यात मोजायचे का?"